'शांतता राखा'ची पाटी

विद्यापीठात संगणक आले तेव्हा परीक्षा विभागाची सूत्रं नुकतीच माझ्याकडे आली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. संगणकांच्या खोलीला एसी, दाराबाहेर चपलांची रांग आणि दारावर पाटी : 'शांतता राखा'. एवढं सोवळं माझ्या देवघरातही नव्हतं. भर मे महिन्यात आम्ही शाली पांघरून गुण भरत होतो.

आणि चुकत होतो. एकाचे गुण दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. पडताळणीत हे उघडं पडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी परीक्षा नियंत्रकांनी मला बोलावून सांगितलं, "हा निकाल वेळेवर लागला नाही, तर पुढचं काम पुण्याच्या कंपनीकडे जाईल. तुमचा विभाग बंद." मला ते फार झोंबलं. इतकी वर्षं हाताने निकाल लावणारे आम्ही, एका डब्यापुढे हात टेकायचे?

नेमकं चुकतं कुठे हे बघायला मी स्वतःच संगणकापुढे बसले. कागद बघायचा, पडदा बघायचा, परत कागद. मान वळवली की ओळ सुटायची. पूर्वी ती सुटत नसे, कारण पूर्वी आम्ही ओरडत असू! एकाने बैठक क्रमांक आणि गुण पुकारायचे, दुसऱ्याने लिहिताना ते मोठ्याने परत म्हणायचे आणि पहिल्याने "व्हय" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. संगणक बसवणाऱ्यांनी मात्र एका संगणकाला एक माणूस दिला आणि सगळ्यांची तोंडं बंद केली.

दुसऱ्या दिवशी मी जोड्या लावल्या. निम्मे संगणक रिकामे राहिले.

"बाई, दारावर पाटी हाय की," आमचा शिरोळचा सहकारी म्हणाला. उसाच्या फडात हाका मारून कमावलेला त्याचा आवाज इतके दिवस फुकट चालला होता.

"पाटीचं मी बघते. तुम्ही पुकारा."

मग काय, खोली दणाणली. नियंत्रक धावत आले.

"हा काय बाजार मांडलाय? आणि निम्मे संगणक बंद?"

"साहेब, संध्याकाळची पडताळणी बघा, मग बोला."

संध्याकाळी ते स्वतः पडताळायला बसले. एक गठ्ठा झाला, दुसरा मागवला, तिसराही मागवला. चूक सापडेना. मला तर शाल फेकून नाचावंसं वाटत होतं.

निकाल ठरल्या दिवशी लागला. पोरांनी आवारात एवढा गुलाल उधळला की आमचे जिने लाल झाले. पुण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्याच आठवड्यात नियंत्रक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. पाटी स्वतः उतरवून त्यांनी माझ्या हातात दिली.

"घ्या बाई. हिचं इथं काही काम नाही."

आतून शिरोळचा आवाज दणकून आला, "व्हय साहेब, न्हायच!"