पाहुण्यांना दारापर्यंत

वंदना सिस्टरच्या वॉर्डात पेशंट पाहुण्यांना झोपून निरोप देत नसे. यवतमाळच्या त्या दवाखान्यात दुर्बिणीतून मणक्याची ऑपरेशनं व्हायची आणि आमच्याकडची माणसं गाडी भरून भेटायला यायची. सिस्टर त्यांना हाकलत नसे. पेशंटलाच म्हणायची, "पाव्हणे निघाले, बाबाजी. दारापर्यंत कोन सोडीन त्यायले?"

माझ्या ऑपरेशनच्या आधीच तिनं मला नंतर कसं उठायचं ते शिकवलं. कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, हातावर जोर देऊन बसायचं. मी उपाशी राहायच्या तयारीनं आलो होतो, तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिनं डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेपर्यंत गोड पाणी पाजलं. मी कुरकुरलो, तशी म्हणाली, "बैलाले उपाशी जुपता का तुमी?"

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी ढाणकीचे व्याही जीप करून आले. एवढ्या लांबून आलेल्यांना पेशंट ठणठणीत दिसला तर कसं वाटेल, म्हणून मी चादर हनुवटीपर्यंत ओढून कण्हत पडलो. व्याही निघाले तशी सिस्टर कॉटजवळ आली, माझ्या कोपराखाली हात घातला आणि कानाशी म्हणाली, "नाटक पुरे झालं. व्याही हायेत ते. उठा."

मी उठलो. टाके ओढत होते, पण आधी पायातून वीज सळसळायची ती नव्हती. दारात जाऊन हात जोडले. व्याही बघतच राहिले. त्यांच्याहून जास्त थक्क मी होतो.

परतताना मात्र रडू फुटलं. सिस्टरला वाटलं, दुखतंय. मग तिला दादाचं सांगितलं. माझ्या थोरल्या भावाच्या पाठीचं ऑपरेशन फार पूर्वी झालं, मोठी चीर देऊन. डॉक्टरांनी हळूहळू उठवायला सांगितलं होतं. पाहुणे निघाले की दादा म्हणायचा, "मले उठव रे, दारापर्यंत जातो." मी खांदे दाबून त्याला निजवायचो. मायेनंच. तो अंथरुणातच गेला, आणि मी गावभर सांगत आलो की दादा हिंमत हरला.

सिस्टरनं मला कॉटवर बसवलं. "तो चालला असता का नाई, मले नाई सांगता येत," ती म्हणाली. "पन हिंमत हरला म्हनून आता कोनाले सांगू नका."

पुढे तिला नागपूरला नोकरी लागली. जायच्या आधी आमच्या घरी भेटायला आली. निघाली तेव्हा मी दाराशी थांबलो नाही, थेट बसथांब्यापर्यंत तिच्यासोबत चाललो. येताना वाटेत जो भेटला, त्याला दादाची खरी गोष्ट सांगत आलो.