सतरावीच्या पुढची इयत्ता

शिक्षण म्हणजे इयत्ता, आणि इयत्तेला आकडा असतोच, असं आत्याचं ठाम मत होतं. मी बी.एस्सी. झाले ती तिने पंधरावी धरली, एम.एस्सी. ती सतरावी. डहाणूच्या बाजारात ती सुकट-बोंबील विकायला बसे, तेव्हा गिऱ्हाइकाला सुकटीबरोबर माझी इयत्ताही ऐकून घ्यावी लागे. स्वतः कधी शाळेची पायरी चढली नव्हती, पण आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि माझी एकही इयत्ता ती विसरली नाही.

पीएच.डी.ला नाव घातलं आणि तिथे घोडं अडलं.

"काय गो, यंदा कितवी?" जून लागताच तिने विचारलं.

"याला कितवी नसते, आत्या."

"नसते कशी? सतरावीच्या पुढे अठरावी."

मी हसून हो म्हटलं. पुढच्या जूनला एकोणिसावी झाली, मग विसावी.

समजावायला मी कमी केलं नाही. झरी गावच्या शेतांत नागलीचे, म्हणजे नाचणीचे, जुने वाण कोणते उरलेत आणि ते का टिकले, हा माझा विषय. एकदा बांबूवर बोंबील टांगता टांगता तिला सांगितलं, "आजवर कुणी शोधलं नाही ते शोधून लिहायचं, हीच परीक्षा."

तिने जरा विचार केला. "मास्तरलाच ठाऊक नाही, तर पेपर तपासायचा कोणी?" वर म्हणाली, "आणि नागलीचं झरीच्या बायकांना सगळं ठाऊक आहे. मग डिग्री त्यांना द्या की!"

मला राग आला. ती खरं बोलत होती, म्हणून जास्तच आला.

मग माझे मार्गदर्शक निवृत्त झाले. नव्यांना प्रबंधाची आधी लिहिलेली तिन्ही प्रकरणं पटेनात. तलासरीकडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि पीएच.डी.वाचून कायम होत नव्हते. अशातच जून आला. "आता एकविसावी ना गो?" आत्याने कौतुकाने विचारलं.

"कसली एकविसावी!" मी खेकसले. "अजून तेच चालू आहे, पहिल्यापासून!"

ती उठून चुलीकडे गेली.

त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही. जून आला की बांगडा तळून वाढायची आणि दुसरंच काही बोलत बसायची. मला हायसं वाटलं. अखेर आत्याला पीएच.डी. कळली, असं मी कॉलेजात हसत हसत सांगितलंही. प्रबंध जमा केला तेव्हा तिला बोलले नाही. एकदम निकालच सांगू, असं ठरवलं होतं.

दिवाळीच्या आधी चार दिवसांच्या तापात ती गेली.

बाराव्याला हिरामावशी माझ्याजवळ येऊन बसली. बाजारात आत्याच्या शेजारी तिची टोपली असे. "आम्हाला दटावायची गो," ती म्हणाली. "पोरीला शाळेचं विचारू नका, म्हणायची. एकाच वर्गात नापास होते बिचारी, तिला लाज वाटते."

आत्याला काही कळलं नव्हतं. मी नापास होतेय असं समजून ती मला सांभाळून घेत होती, आणि मी तिला तसंच जाऊ दिलं. हे मला आजही सहन होत नाही.

दोन महिन्यांनी माझी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी अभिनंदन केलं, टाळ्या वाजल्या. बाहेर येऊन मी हिरामावशीला फोन लावला. बाजाराच्या कलकलाटात तिला नीट ऐकू येईना, म्हणून ओरडून सांगितलं, "मावशी, पास झाले!"

"उशीर केलास गो," ती म्हणाली.