गल्लीच्या टोकापर्यंत भोंगा

प्रमाणित करण्यात येते की, सदर इसम रुग्णवाहिकेवर चालक असून वय वर्षे एकावन्न, सेवा बावीस वर्षे, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक, डाव्या कानाने ऐकू कमी येते (कारण नमूद नाही), वर्तणूक चांगली.

भोंग्याबद्दल त्याचं मत ठाम होतं. रुग्णाची नाडी ठीक असेल तर भोंगा वाजवून फार तर मिनिट-दीड मिनिट वाचतं, आणि आत झोपलेल्याला वाटतं, आपण चाललो. पण नातेवाइकांना शांत गाडी म्हणजे हयगय वाटते. म्हणून त्याने तोड काढली होती: भोंगा गल्लीच्या टोकापर्यंत. शेजारीपाजारी गॅलरीत येतात, घरच्यांचं समाधान होतं. वळण घेतलं की बटण बंद. सहकारी त्याला मौनीबाबा म्हणत. ही युक्ती तो थोरल्या भावाकडे जेवताना रंगवून सांगायचा आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची ती वहिनी.

एका मंगळवारी सकाळी मिळालेला पत्ता थोरल्या भावाचा होता. छातीत दुखत होतं. गाडीतल्या सिस्टरने तपासलं आणि म्हणाली, "नाडी बरी आहे. नेहमीसारखं चला." भोंगा लावून गाडी निघाली. वळणावर त्याचं बोट सवयीने बटणाकडे गेलं.

मागून वहिनी म्हणाली, "भाऊजी, आम्हीसुद्धा गल्लीपुरतेच का?"

"वहिनी, दादाची नाडी बरी आहे."

"सगळ्यांना हेच सांगता तुम्ही."

"बहुतेकांची असतेच बरी."

"माझ्यासाठी लावा."

"अगं, राहू दे," भाऊ म्हणाला. "डोकं उठतं त्याने."

त्याने लावला नाही. दोन सिग्नलना रीतसर थांबला. पोचले तेव्हा भाऊ बोलत होता. संध्याकाळी दुसरा झटका आला आणि भाऊ गेला.

तेराव्या दिवसानंतर वहिनीने लेखी तक्रार दिली. तीन जणांच्या समितीने त्याच रस्त्याने, त्याच वेळी, गाडी एकदा भोंग्यासह आणि एकदा भोंग्याविना नेऊन पाहिली. फरक एक मिनिट दहा सेकंद. 'सदर विलंबाचा मृत्यूशी संबंध आढळत नाही. चालकाचे वर्तन नियमानुसार.' त्याने ते पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पुढचा रुग्ण आणायला गेला.

रविवारी तो पत्र घेऊन भावाच्या घरी गेला. वहिनीने दारातच उभ्याने वाचलं.

"एक मिनिट दहा सेकंद," ती म्हणाली.

"हो."

"बरं."

आत या, असं ती म्हणाली नाही.