ग्रहणात चिरलेली वांगी

स्टुलावरून पडले ही गोष्ट मी वर्षभर कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर नोकरी सुटली असती, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पावसानं दगा दिला होता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि आमच्या कचेरीत मात्र कागदांचा पूर आला होता. जुन्या जिल्ह्याहून ट्रक भरभरून दप्तर यायचं, लाल कापडात बांधलेले बस्ते, आत निजामाच्या वेळची धूळ. मी तिथे हंगामी कारकून होते आणि मला सहावा महिना चालू होता. त्या दिवशी शिपाई टँकरवर घागरी भरायला गेला होता, म्हणून मीच शहाणपणा करून स्टुलावर चढले. बस्ता वरच्या फळीला टेकवला आणि स्टुलाचा पाय सरकला. टेबलाची कड थेट पोटात बसली.

रक्त गेलं नाही. पण पोटातलं हलायचं थांबलं.

घरी सासू आणि नवरा दोघांनाही माझी नोकरी नको होती. पोटुशी बाई कचेरीत शोभते का, हे रोज भाकरीबरोबर ऐकायला मिळायचं. माझ्या बाजूनं एकटे सासरे होते, त्यांना मी मामा म्हणायचे. छोट्या रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलून उचलून त्यांचे हात दगडासारखे झाले होते. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून ते मांजरा नदीत सोडून आले होते, आणि सून कचेरीत खुर्चीवर बसते हे गल्लीला आवर्जून सांगायचे. "पोरी, कोणी काय बी म्हणू दे, तू जा," म्हणायचे. पडल्याचं कळलं असतं तर त्यांच्याही हातात काही राहिलं नसतं. डॉक्टरकडे जावं, तर बातमी माझ्या आधी घरी पोचली असती. मग बसले हाताची घडी, तोंडावर बोट. दोन दिवस मी पोटावर हात ठेवून वाट पाहिली, काही हललं नाही. आत मेलेलं मूल घेऊन आपण टपाल नोंदवतोय असं मला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. सासूनं देव सोडले होते, पण ग्रहण काही तिला सुटलं नव्हतं. "आत बस, हात हलवू नको, काई चिरू नको," ती म्हणाली. मामा भडकले.

"देव नदीत सोडले ते काय ग्रहण पाळायला?" त्यांनी अंगणात विळी मांडली आणि वांग्यांची टोपली माझ्यापुढे ठेवली. "चिर पोरी. मी बसतो समोर."

शेजारणी दाराच्या फटीतून बघत होत्या. मी चिरू लागले. तिसरं की चौथं वांगं विळीवर धरलं आणि पोटात लाथ बसली. चांगली जोरात. मग पुन्हा एक. माझ्या डोळ्यांना धार लागली, ती थांबेना.

"कामून रडायलीस? भ्यालीस काय?" मामांनी विचारलं.

खरं सांगायचं तर पडल्याचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "हाव मामा, भ्याले."

बाळंतपणाला माहेरी गेले, बिलोलीजवळच्या खेड्यात. मुलगी झाली. बाळाचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. आईनं त्यावर पदर टाकला. उदगीर, देगलूर करत मामा एसटीनं आले, त्यांनी पदर बाजूला केला. मग हळू आवाजात म्हणाले, "तू भ्याली व्हतीस त्या दिवशी. मीच बळजबरी केली."

मला वाटत होतं, ओठ माझ्या पडण्यानं फाटला. माझी खात्रीच होती. तरी मी गप्प बसले, कारण हंगामीची मुदत वाढवण्याचा कागद वर गेला होता. असली आई मी.

पोरीला दूध ओढता येईना. बोळ्यानं पाजावं तर अर्धं गालावरून गळायचं. दुष्काळात जनावरांच्या कासा आटलेल्या, गवळ्याचं दूध म्हणजे पांढरं पाणी. दोन महिन्यांची झाली तरी ती जन्मली तेवढीच दिसायची, आणि रडण्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मी रजा संपवून कचेरीत जाऊ लागले, तेव्हा मामांनी बोळा हातात घेतला. त्या दगडी हातांनी ते एकेक थेंब जिभेवर सोडायचे. एका वाटीला तास लागायचा. तिला त्यांनीच जगवलं. गल्लीतल्या बाया येता-जाता म्हणायच्या, "लई शहाणं व्हतं म्हातारं. ग्रहणात चिरायला लावलं, आता भोगा म्हणावं." मामा मान वर करत नसत. मी समोरून डबा घेऊन निघून जायचे.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ग्रहण आलं, या वेळी सूर्याचं. माझ्या धाकट्या जावेला आठवा महिना होता. सकाळीच मामांनी हातोडी घेतली, तिच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट ठोकलं, तिला आत बसवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. सासूसुद्धा तोंडाकडे बघत राहिली. ग्रहण सुटेपर्यंत मामा उंबऱ्यावर बसून होते. जावेला मुलगा झाला, ओठ अगदी धड. गल्लीला पुरावा मिळाला. थंडीचं बाळाला बरं, म्हणून गोणपाट तसंच राहिलं.

मुलगी वर्षाची होत आली तेव्हा नांदेडला तिचा ओठ शिवला. टाके घातल्यावर मी डॉक्टरांना पडल्याचं सांगितलं. ज्याला सांगितलं तो पहिला माणूस परकाच.

"कितव्या महिन्यात पडलात?"

"सहाव्या."

"बाई, ओठ दुसऱ्या महिन्यातच सांधतो. तेव्हा सांधला नाही तर नाही. पडण्याशी त्याचा काही संबंध नाही."

"आणि ग्रहण?"

"त्याचाही नाही," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

परतीच्या एसटीत पोर मांडीवर झोपली होती आणि मला वाटत होतं, आता घरी जाऊन मामांच्या छातीवरचा धोंडा उतरवायचा. घरी पोचताच मी सगळं सांगितलं. स्टूल, टेबलाची कड, डॉक्टर, सगळं एका दमात.

मामा नातीच्या टाक्यांकडे बघत होते. "मग त्या दिवशी रडलीस ती?"

"पोर हललं म्हणून. दोन दिवस हललं नव्हतं."

"म्हंजी भ्याली नव्हतीस."

"नाही मामा."

त्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो उजळला नाही. ते उठले, पक्कड घेऊन जावेच्या खोलीत गेले आणि गोणपाटाचे खिळे उपसू लागले. शेवटचा खिळा निघाला, खोलीत ऊन आलं. जाऊ बाळाला घेऊन कोपऱ्यात उभी होती.

"माझं चुकलं, बाई," ते तिला म्हणाले. "तुला कोंडाया नको व्हतं."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. नातीला शाळेत पोचवलं, तिला चिडवणाऱ्या पोरांच्या मागे काठी घेऊन धावले. माझी नोकरी कायम झाली तेव्हा पेढेही त्यांनीच वाटले. माझ्याशी बोलायचे, जेवायला वाढ म्हणायचे, पाणी मागायचे. सूनबाई म्हणायचे. पोरी अशी हाक मात्र त्यांनी मला पुन्हा कधी मारली नाही.