मेला की सुटला

अण्णा गेल्याचा निरोप घेऊन आंबवड्याहून माणूस आला, तेव्हा मी भोरच्या शाळेत वर्गावर होतो. डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला. बेचाळीसच्या धामधुमीत तारा तोडल्याच्या संशयावरून मार्गासनीच्या चावडीत ज्या फौजदाराने अण्णांच्या छातीवर बुटाच्या लाथा घातल्या, तो आज पेन्शन खातो आहे. आणि साथीदारांचं एकही नाव न सांगणारे अण्णा रक्त ओकत गेले...

अण्णांचं मूळ गाव भाटघरच्या धरणात बुडालेलं. आम्ही जुने मित्र, पण मी अहिंसावाला, म्हणून आमची कायम जुंपायची. ते म्हणत, "आमच्या गावावर कुणी गोळी झाडली नाही, मास्तर. नुसतं पाणी अडवलं. ही हिंसा तुम्हांला दिसत नाही, आणि माझ्या माणसानं कुऱ्हाड उचलली की लगेच दिसते!" पण कुऱ्हाड मुलखासाठी उचलावी, स्वतःचं उट्टं काढायला नाही, हेही तेच सांगत.

त्याची परीक्षा पुढे झाली. तुरुंगातून सुटून आल्यावर एका संध्याकाळी ते माझ्याबरोबर मार्गासनीला गेले होते. तोच फौजदार रस्त्यात एकटा सापडला. शेतावरून परतणाऱ्यांनी त्याला आंब्याला बांधलं. त्यांच्यातला कोंडिबा कुऱ्हाड घेऊन म्हणाला, "अण्णा, तुमी निस्तं व्हय म्हना."

अण्णांनी 'व्हय' म्हणावं, असं मला त्या क्षणी वाटलं. मला, अहिंसावाल्याला!

अण्णा काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "न्हाई. मेला की सुटला. ह्याच्या डोळ्यांदेखत ह्याच्या धन्याचं राज्य जाऊ दे. मग आपल्या गावात मान खाली घालून जगू दे ह्याला. सोडा." वाटेत मला बजावलं, "मी क्षमा केली, असं कुठं लिहू नका. केलेली नाही."

ते राज्य आता जायला निघालं आहे. बघायला अण्णा नाहीत.

परवा आंबवड्याला गेलो. छातीच्या दुखण्यानं अण्णांना आडवं होता येत नसे. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत. डोकं टेकून टेकून तिथं तेलकट काळा डाग पडला आहे. दिवसकार्य झालं, घर सारवून झालं, तेवढीच भिंत राहिली होती. मी वहिनींकडे बघितलं.

"त्यो फौजदार मेल्याची खबर येऊ द्या," त्या म्हणाल्या, "मग सारवीन."

अण्णांना हे पटलं नसतं. मला पटलं.