चोथा नसलेली कॉफी

मामांची डबाभर कॉफी मी उकळली, फडक्यातून गाळली आणि मोरीत ओतून दिली.

हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कॉफीचा इतका निष्ठावान आणि इतका बेइमान भक्त उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. सारं मोताळा गाव ताकावर सुखी असताना हे मलकापुराहून काळ्या अर्काच्या बाटल्या आणायचे. चमचाभर अर्कावर ऊन दूध ओतलं की कॉफी तयार. बाटलीवरचं जहाजाचं चित्र भिजू नये म्हणून ती धरायचीसुद्धा कोरड्या हातानं. पण पुढे कचेरीतले कारकूनही तोच अर्क पिऊ लागले आणि मामांनी बाटली त्याच दिवशी वर्ज्य केली. म्हणाले, "जे सारे पेतात, ते म्या काऊन प्यावं?" मग मोराच्या चित्राच्या डब्यातली पूड आली. ती उकळायची, गाळायची. वास पार बाजारापर्यंत जायचा. एका कापडवाल्यानं गिऱ्हाइकांना ती पाजली आणि मोरही हद्दपार झाला. बाटल्यांत घासलेट, डब्यांत तुरीचं बियाणं, असा कॉफीचा सगळा इतिहास त्यांच्या कोनाड्यांत लावलेला होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईच्या दिवसांत न विचारता पलटणीत गेला. दोन वर्षं मामांनी त्याचं नाव काढलं नाही. मग रजेवर आलेल्या एका शिपायाबरोबर त्यानं एक डबा आणि चिठ्ठी पाठवली : 'मी आलो की दोघं मिळून पिऊ.' मामांनी डबा उघडला नाही, की पत्राला उत्तर दिलं नाही. रोज उपरण्यानं डबा पुसायचे तेवढे.

लढाई संपली. मुलगा दुपारच्या मोटारीनं येणार म्हणून मामा स्वतः निघाले. जाताना मला म्हणाले, "जावाईबापू, त्या डब्यातली कॉफी करून ठेवजा."

मला कॉफीतलं सगळं कळतं, असा माझा तेव्हा समज होता. सबंध डबा पातेल्यात उपडा केला, उकळलं, गाळलं. फडक्यात चोथ्याचा कण नाही! चाखलं तर इतकं कडू, की तापावरचं कोयनेल बरं. पोराला कुणीतरी रंग विकला, असा निकाल देऊन मी तो मोरीत सोडला. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. घाबरून कोनाडा धुंडाळला, तर मागे एक अर्काची बाटली उरलेली. तिचीच कॉफी करून पुढे ठेवली.

बापलेक समोरासमोर बसले. दोघांचे डोळे कपात. मुलानं एक घोट घेतला आणि थांबला.

"बाबा, हे त बाटलीतली हाय. लहानपणी मले बशीत देत होते, ते."

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आपल्या कपातली कॉफी बशीत ओतली, तिच्यावर फुंकर घातली आणि बशी मुलापुढे सरकवली.

नंतर मी चोथ्याची हकिकत कबूल केली. ती पूड पाण्यात विरघळते, तीच तर तिची करामत, हे सांगताना मुलाला हसून ठसका लागला. त्याच्या पाठीवरून हात फिरवायला मामा उठले.

पुढे ती पूड मलकापुरात सर्रास मिळू लागली. मामा मात्र बाटलीवरच राहिले, कारकुनांनी सोडल्यावरही, अगदी बाटल्या यायच्या बंद होईपर्यंत. शेवटच्या आजारपणात मी म्हटलं, मामा, आता तरी तो नवा डबा आणू का?

"आणून काय करू?" ते म्हणाले. "मोरीत ओताले तुमच्याएवढा येडा माणूस दर खेपी घरी असते काय?"