एकावर थांबलेला आकडा

आमच्या कॉलेजची प्रवेशाची वेबसाइट नुकत्याच आलेल्या एका नव्या सर्व्हर-प्रोग्रॅमवर हलवली, त्याला आठवडा झाला. काल दुपारी ती सांभाळणाऱ्या मनीषाने त्यात एक बदल केला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. आत मुलं अर्ज भरत होती.

“ती सगळी बाहेर फेकली जातील ना गं?”

“नाही सर. बघा तर.”

पडद्यावर दोन ओळी होत्या, बदलाआधी आलेल्यांची जुनी आणि नंतरची नवी. नवे येणारे नव्या ओळीत जात होते. जुनीत आता कुणाला प्रवेश नव्हता, पण आत असलेल्यांना कुणी उठवतही नव्हतं. तिथल्या मुलांचा आकडा उतरत गेला. नऊ, चार, एक. आणि एकावर थांबला. कुठून तरी कुणीतरी दाखल्याचा फोटो पाठवत होतं आणि नेटवर्क इतकं मंद, की तो कणाकणाने येत होता.

“बंद करून टाक आता.”

“मी काहीच करत नाहीये. सर्व्हरच त्याच्यासाठी थांबलाय.”

एका अनोळखी जीवासाठी अख्खं यंत्र तिष्ठत होतं. एवढा धीर त्यात कुणी आणि कुठे बसून लिहिला असेल? मग फोटो पोचला, त्याची पोच गेली, आणि जुनी ओळ आपली आपण मिटली.

याच कॉलेजात मी वीस वर्षं अर्जांच्या खिडकीवर बसलो. अडीच वाजले की फळी खाली ओढायचो. फळीखाली अर्ज धरलेला एखादा हात तसाच राहायचा.

तो मला दिसायचा. दर वेळी.